खाचरातून कंपनीच्या गेटपर्यंत

मुंबईच्या डबेवाल्यांचं कौतुक जगभर झालं. हे डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले. महादू हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास या धंद्याची घडी बसवली. घरटी एक-दोन पुरुष मुंबईला आणि बाकीचं घर गावाला, ही मावळातली रीतच होऊन गेली. गिरणीत गेलेले, गोदीत गेलेले, माथाडी झालेले आणखी वेगळे. चैत्रात जत्रेला पुरुष गावी यायचे, आठवडाभर राहायचे आणि पुन्हा गाडी धरायचे. त्यांच्या मागे खाचरं मात्र पडीक राहिली नाहीत. राब भाजायचा, रोप टाकायचं, पाठीवर इरलं घेऊन दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आवणी करायची, मग बेणणी, कापणी, झोडणी. शिवाय गुरं, लाकूडफाटा, पाणी आणि घरातली म्हातारी माणसं. हे सगळं बायांनी निभावलं. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली ‘इंद्रायणी’ हा वाण बाहेर पडला आणि मावळच्या तांदळाचं नाव पुण्या-मुंबईच्या बाजारात झालं. त्या नावामागचे हातही बव्हंशी बायकांचेच.

म्हणून ‘आपल्याकडच्या बायका कामाला बाहेर पडत नाहीत’ असं कुणी वडगावात किंवा तळेगावात बोलताना ऐकलं की ते खटकतं. त्या कधी घरात बसल्याच नव्हत्या. त्यांचं काम ज्या अर्थव्यवस्थेत बसत होतं, ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मोडत गेली. जमीन विकली गेली, कारखाने आले, बंगले आले, द्रुतगती मार्ग आला. नवी जी व्यवस्था उभी राहिली, तिने बाईचा दिवस कसा जातो याचा हिशेब कधी केलाच नाही. माझ्या मते स्त्रियांच्या रोजगारातला सगळ्यांत मोठा अडसर हा आहे. इतर बरेचसे अडसर त्याच्याच पोटात आहेत.

आधी आकडे पाहू, कारण सध्या आकड्यांचाच गवगवा आहे. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार 15 वर्षांवरच्या स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण 2017-18 मध्ये 23.3 टक्के होतं, ते 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेलं. सहा वर्षांत एवढी उडी! ग्रामीण भागात हे प्रमाण 47.6 टक्के, शहरात 28. पुरुषांचं मात्र 78 टक्क्यांच्या वर. ही वाढ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती कशाची आहे ते पाहायला हवं. या काळात स्वयंरोजगारात मोजल्या गेलेल्या स्त्रियांचा वाटा निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत गेला, आणि त्यांतला मोठा गट घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदतनिसांचा आहे. महिन्याच्या पगारावर असलेल्या स्त्रियांचा हिस्सा उलट खाली आला. दर शंभर कामकरी स्त्रियांत सोळाच्या आसपास उरल्या. म्हणजे कामावर बायका वाढल्या, पण हातात स्वतःचा पैसा येईल असं काम त्या प्रमाणात वाढलं नाही.

मोजणीतच एक जुनी गोम आहे. नमुना पाहणीत ‘फक्त घरकाम करणारी’ स्त्री 92 क्रमांकाच्या रकान्यात जाते. घरकामाबरोबर घरासाठी सरपण, रानभाजी, गुरांचा चारा गोळा करणारी, शिवणटिपण करणारी जाते 93 मध्ये. दोन्ही रकाने श्रमबलाच्या बाहेर. आंदर मावळातल्या एखाद्या ठाकरवाडीत राहणारी बाई डोंगरावरून मोळी आणते, उन्हाळ्यात झऱ्यावरून पाणी आणते, दोन शेळ्या राखते. तिला विचारा, ‘काय करता?’ ती स्वतःच सांगेल, ‘काय नाय, घरीच असते.’ पाहणी करणारा तेच लिहून घेतो. आवणीच्या दिवसांत विचारलं तर ती कामकरी ठरेल आणि वैशाखात विचारलं तर गृहिणी.

या विषयावरचा अभ्यास पुण्याला नवा नाही. गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ यांचं ‘विमेन इन द वर्किंग फोर्स इन इंडिया’ हे छोटेखानी पुस्तक 1965 चं आहे. त्यानंतर 1974 मध्ये आलेल्या ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ या राष्ट्रीय समितीच्या अहवालाने स्त्रियांचा रोजगारातला हिस्सा घटत असल्याचं ठळकपणे मांडलं आणि दिल्लीत खळबळ उडाली. जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांत जी मांडणी मान्यता पावली, ती इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या वळणाची. समाज शेतीवर असतो तोवर बायका कामात असतात. उत्पन्न वाढून कारखानदारी येते तसतशा त्या मागे हटतात. पुढे शिक्षण आणि कचेरीतल्या नोकऱ्या वाढल्या की पुन्हा येतात. जे. एन. सिन्हा यांनी भारताच्या संदर्भात 1967 मध्येच हे सुचवलं होतं. अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन यांनी त्याचं सविस्तर विवेचन केलं आणि 2023 चं नोबेल त्यांना मिळालं. मावळाकडे पाहिलं तर या वळणाचा उतरता भाग डोळ्यांना दिसतो. चढ आपोआप येईल असं मात्र काही दिसत नाही. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांनी लाखो बायकांना पगारावर घेतलं. कामाची परिस्थिती भीषण होती, 2013 च्या राणा प्लाझाच्या दुर्घटनेने ती जगासमोर आली, पण पगार बाईच्या हातात आला. आपल्याकडे कारखाने आले ते मोटारींचे, मातीकामाच्या यंत्रांचे, बेअरिंगांचे. त्यांच्या गेटावर बाईसाठी जागा पहिल्यापासूनच थोडी.

आता जमिनीकडे येऊ, कारण मावळात सगळ्याची सुरुवात तिथून होते.

टाटांची वळवण, शिरोता, ठोकळवाडी ही धरणं विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली. पवना धरण स्वातंत्र्यानंतरचं. प्रत्येक वेळी खोऱ्यातली चांगली भातजमीन पाण्याखाली गेली. पवना धरणग्रस्तांचं पुनर्वसन तर दशकानुदशकं रेंगाळलं. पुढे 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि जमिनीचा भाव एकराऐवजी गुंठ्यावर आला. तळेगाव, नवलाख उंबरे, आंबी भागात एमआयडीसी पसरली. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना बंद जलवाहिनीच्या विरोधात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे ठार झाले. त्या तिघांत एक शेतकरी स्त्री होती. जमीन-पाण्याच्या लढ्यात बाई पुढे असते हे मावळाने पाहिलं आहे. सातबारावर मात्र ती क्वचित असते.

महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हिस्सा दिला, केंद्राने ते 2005 मध्ये केलं. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 1986 ला चांदवडला स्त्रियांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम घेऊन नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. एवढं सगळं होऊनही प्रत्यक्ष व्यवहार कसा होतो? बाप गेला की वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात, कारण कायद्याने लावावीच लागतात. मग जमिनीला गिऱ्हाईक येतं. भाऊ एक दिवस गाडी घेऊन येतो, बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो, हक्कसोडपत्रावर सह्या-अंगठे होतात, दुपारी हॉटेलात जेवण आणि साडीचोळी. सही करणारीला सगळं कळत असतं. लाखांचा हिस्सा आपण सोडतोय हेही कळतं. पण माहेर तुटलं तर दुखण्याखुपण्याला जायचं कुठे, हा तिचा प्रश्नही खोटा नसतो. सासरी तिचं नाव नाही, माहेरी तिने सोडलं. जमीन विकून आलेल्या पैशातून घरात गाडी येते, दोन मजले चढतात, मुलगा जमिनीचा एजंट होतो. त्या घरातल्या सुनेचं काम मात्र जमिनीबरोबरच गेलेलं असतं. काल ती शेती करत होती, आज ती गृहिणी. घर सुधारलं असं सगळे म्हणतात आणि बरंचसं ते खरंही असतं, पण शंभर रुपये लागले तरी तिला आता मागावे लागतात.

भूसंपादनात नोकरीचा शब्द असतो. प्रकल्पग्रस्ताचा दाखला कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला मिळतो. घरात बसून नाव ठरतं आणि ते मुलाचं ठरतं. मुलगी पदवीधर असली आणि मुलगा दहावीला अडकलेला असला तरी फारसा फरक पडत नाही.

जी शेती उरली तिच्यातही मजुरी कमी झाली. तणनाशक आल्यापासून बेणणीला बायका लागत नाहीत, झोडणीला मळणीयंत्र आलं. आवणी अजून हातानेच होते, पण इर्जिक घालून एकमेकांकडे जायची पद्धत विरळ झाली. मजुरीत पुरुषाचा दर वेगळा आणि बाईचा वेगळा, हे अजून उघडपणे चालतं, समान वेतनाचा कायदा 1976 पासून असूनही. वाकून रोप लावणं हे हलकं काम आणि बांध घालणं हे जड, असं ठरवणारा दिवसभर वाकलेला नसतो.

शेतीतलं एक नवं काम मात्र बायकांकडे आलं, ते पॉलिहाऊसचं. तळेगावचा फुलशेती पार्क आणि पवन मावळातली गुलाबाची पॉलिहाऊसं यांनी व्हॅलेंटाइन डेच्या बाजारात मावळाला जागा मिळवून दिली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. उजाडताना कटिंग सुरू होतं. कळी किती उमललीय ते पाहून कात्री लावायची, दांडे पाण्यात ठेवायचे, मग ग्रेडिंगच्या टेबलावर लांबीप्रमाणे वेगळे करून वीस-वीसची जुडी बांधायची. प्लास्टिकच्या छपराखाली ऊब कोंडलेली असते. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो तो काट्यांसाठी. तरी मनगटावर ओरखडे असतातच. बाईचा हात हलका, फूल दुखावत नाही, म्हणून हे काम तिचं असं मालक सांगतात. खत-पाण्याचं वेळापत्रक, फवारणीचा हिशेब, सुपरवायझरची खुर्ची यांकडे आलं की हा हलका हात आठवत नाही. तळेगावातच काढणीपश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, प्रशिक्षणं होतात. जुडी बांधणाऱ्या बायांना तिथे पाठवून पॉलिहाऊस सांभाळायला शिकवलं, तर मावळात पगाराच्या चार पायऱ्या त्यांच्यासाठी तयार होतील. हे जमण्यासारखं आहे आणि ते का होत नाही याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

कारखान्यांची कथा मोठी आहे. तळेगावात जनरल मोटर्सने 2008 मध्ये उत्पादन सुरू केलं, 2020 च्या डिसेंबरात थांबवलं, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प 2022 च्या सप्टेंबरात तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. लाखभर रोजगार गेले असं म्हटलं गेलं. त्या सगळ्या वादात, आले असते तर त्यांतले मावळातल्या मुलींच्या वाट्याला किती आले असते, हा प्रश्न ऐकू आला नाही.

कारखाना आणि बाई यांच्यामध्ये कायदाही बराच काळ उभा होता. 1948 च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात स्त्रियांना कामावर ठेवायला बंदी घातली होती. हेतू संरक्षणाचा होता, पण तीन पाळ्यांच्या कारखान्याला फिरती पाळी करू न शकणारा कामगार नकोच असतो. महाराष्ट्राने ही बंदी 2015 मध्ये सैल केली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी स्त्रीच्या संमतीने, सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी देशभर खुली केली. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास इथे आठवावा. 1920 च्या दशकात तिथल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रात्रपाळीची बंदी होती, 1929 मध्ये मुंबई प्रांताचा मातृत्वलाभ कायदा आला, त्याच सुमारास सुसूत्रीकरणाच्या नावाखाली वाइंडिंग-रीलिंगची बायकांची खाती आवळली गेली. 1982 च्या संपापर्यंत गिरणीत स्त्री दिसणंच मुश्कील झालं होतं. बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकावर टाकला की मालक बाईच घेत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, ती योग्यच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नाव असलेल्या कामगार बाईचा हा खर्च विमा महामंडळ उचलतं, मालकाला पडत नाही. पण ठेकेदाराच्या हाताखाली सहा महिने इथे, सहा महिने तिथे असं फिरणाऱ्या बाईचं नाव त्यात सलग राहील कसं?

पाळणाघराचंही तसंच. जुन्या कायद्यात तीसहून अधिक स्त्री-कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. याचा उघड अर्थ, बायका कमी ठेवल्या की प्रश्न मिटला. 2017 पासून ही अट एकूण पन्नास कर्मचाऱ्यांवर आणली, म्हणजे पुरुष धरून. ही खरी सुधारणा. कागदावरून ती शेडपर्यंत आणायची राहिली आहे.

आणि कायद्यात कुठेच न येणारा भाग म्हणजे घड्याळ. उदाहरणादाखल पवना काठच्या एखाद्या गावातली सून घेऊ. पहिली पाळी सातला. कंपनीची बस कामशेत किंवा वडगावच्या नाक्यावर सहाच्या सुमाराला. नाका गावापासून पाच-सात किलोमीटर. त्या वेळी एसटी नाही. म्हणजे नवऱ्याने मोटारसायकलवर सोडलं तर ती जाणार, त्याची रात्रपाळी असली तर नाही. निघण्याआधी सासू-सासऱ्यांचा चहा, सगळ्यांचे डबे, नळाला पहाटे पाणी येत असेल तर ते भरणं. म्हणजे साडेतीनला उठणं आलं. मूल तीन वर्षांचं. अंगणवाडी उघडायच्या आत तिची पाळी निम्मी होत आलेली असते आणि पाळी सुटून ती घरी पोचायच्या आत अंगणवाडी मिटलेली असते. सासू धडधाकट असेल तर नोकरी टिकते, सासू आजारी पडली की पहिली सुटते ती सुनेची नोकरी. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामात स्त्रिया दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88. पुरुषांचा हा आकडाही फक्त जे घरकामाला हात लावतात त्यांचाच. 2019 मध्ये स्त्रियांची 299 मिनिटं होती. पाच वर्षांत गॅस घरोघरी गेला, नळ गेले, मिक्सर गेले, आणि बाईची दहा मिनिटं वाचली.

लोक काय म्हणतील, घराण्याची अब्रू, उशिरा येणारी सून, या गोष्टी आहेतच. सुबत्ता आलेल्या घरात त्या जास्त आहेत. ज्या घराला बाईच्या मजुरीवाचून चालत नव्हतं त्या घरात तिच्या बाहेर जाण्याला कुणी हरकत घेत नव्हतं. पण सगळा दोष ‘मानसिकते’वर टाकण्याची जी सवय भाषणांतून लागली आहे ती मला पटत नाही. अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे आणि नायला कबीर यांनी पश्चिम बंगालमध्ये केलेल्या अभ्यासात पदरा-बुरख्यापेक्षा घरातल्या रोजच्या कामाची जबाबदारी हाच बाईच्या रोजगारातला प्रमुख अडथळा दिसला. घराजवळ काम मिळालं तर ते करायला तयार असलेल्या बायका तिथे मोठ्या संख्येने होत्या. मावळात फार वेगळं निघेल असं वाटत नाही. चाकणला बजाज ऑटोने डॉमिनार मोटारसायकल जुळवायला स्त्रियांचीच लाइन उभी केली, तेव्हा खेड-मावळच्या मुली पान्हे धरणार नाहीत ही भाकितं आपोआप विरली. मुलींच्या शिक्षणाबद्दलही हेच. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास मिळाला तेव्हा आडगावांतल्या मुली तालुक्याच्या शाळेत जाऊ लागल्या. आई-बापांचे विचार आधी बदलले आणि मग बस आली, असं झालं नाही.

बसचा मुद्दा निघालाच आहे तर थोडं थांबतो. 17 मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना निम्मं तिकीट आहे. लोणावळा बसस्थानकावर पाहिलं तर या सवलतीने बायकांचं फिरणं वाढलं हे कुणालाही दिसेल. पण सवलत तिथेच लागू जिथे गाडी जाते. 2021-22 च्या लांबलेल्या संपानंतर अनेक आडमार्गांवरच्या फेऱ्या पूर्ववत झाल्या नाहीत. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून आहे. कामशेत, मळवली, वडगावच्या कितीतरी मुलींची कॉलेजं आणि नोकऱ्या या लोकलवर झाल्या. दुपारी गाड्यांमध्ये पडणारा मोठा खंड ही प्रवाशांची जुनी तक्रार. अर्धवेळ काम करून मुलाची शाळा सुटायच्या आत घरी पोचू पाहणाऱ्या बाईला नेमकी तीच वेळ हवी असते. तमिळनाडूने 2021 मध्ये साध्या शहरी बसमध्ये बायकांना पूर्ण मोफत प्रवास दिला, नोकरदार स्त्रियांसाठी ‘तोळी’ नावाची वसतिगृहं उभारली. देशभरच्या कारखान्यांत जेवढ्या स्त्रिया आहेत, त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या तमिळनाडूत आहेत. महाराष्ट्रासारख्या औद्योगिक राज्याने या आकड्यापुढे विचार करायला हवा.

लोणावळ्याचं गणित निराळं. इथे काम भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं बायकाच करतात, पण नोंद कुठेही नाही. चिक्कीच्या कारखान्यात साधारणपणे पाकाची कढई पुरुषाकडे आणि वजन-पॅकिंग बायकांकडे, आणि दोन्हींचा दर सारखा नसतो. तुंगार्ली, खंडाळा, गोल्ड व्हॅलीतल्या बंगल्यांना ‘जोडपं पाहिजे’ असतं. पगार ठरतो तो केअरटेकर म्हणून नवऱ्याचा. झाडलोट, भांडी, पाहुण्यांचं जेवण, चादरी हे बायकोने करायचं, त्याच पगारात. भाड्याने जाणाऱ्या व्हिलांची संख्या वाढल्यापासून शनिवार-रविवार तर कहरच. अकराला एक मंडळी निघतात, एक-दोन वाजता दुसरी येतात, तेवढ्यात पाच खोल्या, पाच संडास आणि तरणतलावाचा काठ लखलखीत करायचा. तिची आठवड्याची सुट्टी कोणती, हे कुणी ठरवलेलंच नाही. ती मालकाची नोकर नाहीच मुळी, नोकराची बायको आहे. घरेलू कामगारांसाठी राज्याने 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, मंडळ बराच काळ निष्क्रिय राहिलं, आणि अशा जोडप्यातल्या बाईची तिथे नोंद होणं आणखी अवघड.

या बंगल्यात तिच्याशी कुणी वावगं वागलं तर? 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तक्रार घेऊन सात दिवसांत पुढे पाठवण्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमायचा आहे. या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या बसस्थानकांवर मोठ्या अक्षरांत रंगवायला किती खर्च येईल?

रस्त्यावर विकणाऱ्या बायकांना तर विकासाने दोनदा बाजूला केलं. जुन्या हमरस्त्यावर कातकरी, ठाकर बाया करवंदं-जांभळं पानांच्या द्रोणात घालून बसायच्या, गाड्या थांबायच्या. द्रुतगती मार्गावर थांबायलाच बंदी. तिथली गिऱ्हाइकं फूड मॉलमध्ये गेली आणि मॉलमधल्या गाळ्याचं भाडं करवंदांच्या पाटीला झेपत नाही. भुशी धरणाकडे भाजलेली कणसं, भजी, चहा विकून पावसाळ्याचे तीन महिने कमावणाऱ्या बायका होत्या. 2024 च्या जूनअखेरीस तिथे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. सुरक्षेचे निर्बंध आले, टपऱ्यांवर कारवाई झाली. निर्बंध हवेच होते. पण 2014 च्या फेरीवाला कायद्यात विक्रेत्यांची नोंद, जागा, समिती असं सगळं आहे, आणि टपरी हटवताना त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही.

सरकार स्वतः मालक म्हणून कसं वागतं हेही पाहावं. गावागावांत अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा कार्यकर्त्या आहेत. गावातल्या बाईला घराजवळ मिळणारं सन्मानाचं काम हेच आहे आणि तेच ‘मानधना’वर आहे. 2023 च्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर होत्या. ग्रॅच्युइटीचा त्यांचा हक्कसुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मान्य झाला. ‘लाडकी बहीण’चे महिना दीड हजार जुलै 2024 पासून मिळू लागले, त्यांनी अनेक बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. तो पैसा रोजगाराच्या जागी मात्र धरता येत नाही.

मग आधी काय करावं? माझं मत स्पष्ट आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अशी जोड-केंद्रं काढण्याची तरतूद आहेच. मावळात ती पाळीच्या वेळेला, पहाटे साडेपाचपासून उघडायला हवीत, आणि सेविकांच्या मानधनावर हा बोजा न टाकता दुसऱ्या पाळीसाठी गावातल्याच आणखी दोघींना पूर्ण पगारावर घेऊन. म्हणजे एका केंद्रामागे दोन नोकऱ्या तिथेच उभ्या राहतात. एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी दरवर्षी शाळांच्या भिंती रंगवण्यात आणि वह्या वाटण्यात जातो. तो यात घालायला कायद्याची आडकाठी नाही. कंपन्यांच्या बस नाक्यावर थांबण्याऐवजी दोन-तीन गावं आत फिरवणं हे तर फक्त वाहतूक ठेकेदाराशी बोलण्याचं काम.

कातकरी बाईपर्यंत मात्र यातलं काहीच पोचणार नाही, आणि तिच्यासाठी वेगळं काही करावं लागेल. पावसाळा सरला की वाडीतली कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. मोजणी जोडीवर होते. नवरा चिखल मळतो, साच्यात थापतो, बायको माती वाहते, कच्च्या विटा उलटते, रचते, पोर बाजूला सावलीत असतं. हजार विटांमागे जो दर ठरतो तो दोघांचा मिळून, आणि भट्टीमालकाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. ज्येष्ठात हिशेब होतो तेव्हा तिच्या हातात काही दिलं जात नाही. उचल फिटली नसेल तर पुढच्या मोसमाला त्याच भट्टीवर जाण्याचं बंधन मात्र तिच्यावरही तेवढंच असतं. तिचं नाव वहीत स्वतंत्रपणे यावं, मजुरी तिच्या खात्यावर यावी आणि भट्टीवर अंगणवाडीची शाखा असावी, एवढ्या तीन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. तहसीलदार आणि कामगार अधिकाऱ्यांनी मोसमाच्या सुरुवातीला, दिवाळीनंतरच्या महिनाभरात, भट्ट्यांवर जाऊन वह्या तपासायला हव्यात.